तुम्ही विचारलंत म्हणून: एवढासा विंचू, पिल्लू की पूर्ण वाढलेला?

जंगलात हिंडणारे लोक मला नेहमी विचारतात, 'पालापाचोळ्यात किंवा सालीखाली बोटाच्या पेराएवढा विंचू दिसला, तर ते मोठ्या विंचवाचं पिल्लू असतं की ती जातच लहान? आणि ती ओळखायची कशी?' सोबत बहुतेक वेळा वरून काढलेला एक फोटो असतो आणि रंगाचं वर्णन असतं.

रंगावर विसंबू नका. कात टाकलेला विंचू काही काळ मऊ आणि फिकट असतो, पिल्लंही अनेकदा मोठ्यांपेक्षा फिकी दिसतात. आकार तर त्याहून फसवा. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात पालापाचोळ्यात राहणारा टिफ्लोकॅक्टस मिचेली पूर्ण वाढूनही जेमतेम ९ मिलिमीटर भरतो, आणि त्याला डोळेच नसतात. युरोपातल्या रानांमध्ये राहणारे युस्कॉर्पियस विंचूही बहुतेक ५ सेंटिमीटरच्या आतले. पाठीवर पांढुरकी पिल्लं घेतलेला विंचू दिसला, तर मात्र प्रश्नच मिटला: ती पूर्ण वाढलेली मादी. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच असतात, नंतर पांगतात.

एकटाच सापडला तर? इथे विंचवाच्या शरीराची एक गोष्ट फार उपयोगी पडते, आणि मला ती अजूनही विलक्षण वाटते. चिमट्यांवर आणि चिमट्यांच्या बाहूंवर वाटीसारख्या खळग्यांतून उगवलेले लांब, नाजूक केस असतात. हवा जराशी हलली तरी ते डोलतात आणि शिकार किंवा शत्रू जवळ आल्याचं विंचवाला कळतं. हे केस कुठेही उगवत नाहीत, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि सहसा त्यांची संख्या वयाप्रमाणे वाढत नाही. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांच्या दातांचंही तसंच. म्हणजे पिल्लू की प्रौढ हे ठरलं नाही, तरी जातीचा माग काढता येतो.

मॅक्स व्हाशाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९७४ मध्ये या केसांच्या मांडणीचे अ, ब आणि क असे तीन मूळ प्रकार मांडले. ब्युथिडी कुलातले विंचू अ प्रकारात येतात, आशियातल्या दमट जंगलांतले कॅरिलस ब प्रकारात, आणि युस्कॉर्पियससकट उरलेले बहुतेक क प्रकारात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये नाव दिलेल्या, युस्कॉर्पियसमधल्या एकाच कार्पॅथिकस जातीत पुढे युरोपभरचे कितीतरी विंचू कोंबले गेले होते. ते वेगळे करताना अभ्यासकांना या केसांचा मोठा आधार मिळाला. आज कार्पॅथिकस हे नाव रुमानियातल्या विंचवापुरतंच उरलं आहे.

केस मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण साध्या भिंगानेही बरंच दिसतं. पायांच्या मधोमध छातीखाली एक लहान पट्टी असते. ब्युथिडीत ती सहसा त्रिकोणी, इतर बहुतेकांत पंचकोनी. डोक्याच्या कडेला प्रत्येक बाजूला दोनच डोळे हे युस्कॉर्पियसचं लक्षण, ब्युथिडीत ते तीन ते पाच असतात. नांगीच्या काट्याखाली आणखी एक बारीक काटा दिसला तर लायकस किंवा आयसोमेट्रससारख्या सडपातळ, ठिपकेदार, सालीवर राहणाऱ्या विंचवांचा विचार करा. लिओकेलिस याच्या उलट: चपटा, गडद, रुंद चिमट्यांचा, शेपटी बारीक. शेपटीच नसेल आणि अंग काही मिलिमीटरचंच असेल, तर तो विंचू नव्हेच, तो छद्मविंचू. त्याला नांगी नसते, घाबरायचं काहीच कारण नाही.

'चिमटे जाड, शेपटी बारीक, म्हणजे विष सौम्य' हा ठोकताळा बऱ्याचदा खरा ठरतो, युस्कॉर्पियसच्या बाबतीत तर नक्कीच. तरी त्याच्या भरवशावर विंचू हातात घेऊ नका. इराणमधल्या हेमिस्कॉर्पियस लेप्ट्युरसची शेपटी बारीकच असते. त्याचा दंश सुरुवातीला फारसा दुखत नाही, आणि मग त्या जागेचं मांस झडतं, रक्तपेशी फुटतात. डंख झालेल्या माणसाला दरदरून घाम येऊ लागला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले, तर विंचू ओळखत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका.

अतिनील टॉर्चखाली विंचू निळसर हिरवा चमकतो. तो शोधायला ही युक्ती उत्तम, पण जात त्यातून कळत नाही, आणि नुकती कात टाकलेला विंचू चमकतही नाही. प्रकाश फार वेळ रोखून धरू नका, तो त्यापासून दूर पळायला बघतो.

फोटो पाठवायचा असेल तर लांब चिमट्याने किंवा काडीने विंचवाला पारदर्शक डबीत घ्या आणि वरून, बाजूने, शिवाय डबीच्या तळाखालून असे तीन फोटो काढा. छातीची पट्टी आणि कंगवे खालूनच दिसतात. सापडला ती जागा लिहा: सालीखाली, दगडाखाली की पाचोळ्यात. मग त्याला तिथेच सोडा आणि उचललेला दगड होता तसाच ठेवा.