तीन स्क्रूंचा पेच

दुर्बीण घेऊन सात महिने झाले. त्यातले जवळजवळ तीन महिने एका अंगठ्याएवढ्या वस्तूने खाल्ले. तिला लेझर कोलिमेटर म्हणतात, दुर्बिणीतले आरसे एका रेषेत आणायला वापरतात तो छोटा लेझर. तिच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

निवडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फार अडलं नाही. खोक्यावर ‘५२५ पट’, ‘६७५ पट’ असं ठळक छापलेलं दिसलं की पुढे चालू पडायचं. वर्धन म्हणजे मुख्य आरशाचं नाभ्यंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, नाभ्यंतर. नेत्रिका बदलली की ते हवं तेवढं वाढतं, त्यात कौतुक काही नाही. प्रकाश किती गोळा होणार आणि तपशील किती सुटा दिसणार, हे आरशाच्या व्यासावर ठरतं. मी २५४ मिमी, म्हणजे दहा इंची आरशाची डॉब्सोनियन घेतली, नाभ्यंतर १२७० मिमी, व्यासाच्या पाचपट, म्हणजे एफ/५. आत सगळं न्यूटनच्या पद्धतीचं, खाली लाकडी पेटीसारखी बैठक, आणि नळी तोफेसारखी हाताने फिरवायची. जॉन डॉब्सन नावाच्या अवलियाने रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना आकाश दाखवता यावं म्हणून ही साधी बैठक रूढ केली. मोटर नाही, तिपाई नाही, सगळा खर्च आरशात. हा निर्णय मला आजही पटतो. दहा इंचांचा मात्र तितकासा पटत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

चंद्र, गुरूचे चार उपग्रह, कृत्तिका, सगळं पहिल्या आठवड्यात पाहून झालं. २५ मिमीच्या नेत्रिकेने ५१ पट वर्धन मिळतं आणि तेवढ्यात सगळंच देखणं दिसतं. मग एका रात्री ६ मिमीची नेत्रिका लावली, २१२ पट, आणि अभिजितच्या शेजारचा एप्सिलॉन लायरी पकडला. हा प्रसिद्ध जोडतारा. साध्या द्विनेत्रीतून दोन तारे दिसतात, आणि दुर्बिणीतून त्या दोघांचेही दोन-दोन होतात. प्रत्येक जोडीत अंतर साधारण २.३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या आरशाची क्षमता हिशेबाने अर्ध्या विकलेच्या आतली. म्हणजे हे काम त्याच्या डाव्या हातचं.

मला दिसले दोन स्वल्पविराम. डोकं जाड, शेपूट एकाच बाजूला.

आधी हवेला दोष दिला. मग आरसा थंड झाला नसेल म्हणून तासभर नळी बाहेर ठेवून थांबलो. (हे करायचंच असतं. एवढा जाड काचेचा आरसा घरातून आणल्या आणल्या चांगलं चित्र देत नाही, त्याच्या अंगावरची गरम हवा चित्र नाचवते.) पण नाचणारा तारा वेगळा आणि शेपटीचा तारा वेगळा. सगळ्या ताऱ्यांची शेपटी एकाच दिशेला असेल तर आरसे एका रेषेत नाहीत. त्यांना रेषेत आणणं म्हणजे कोलिमेशन.

काम ऐकायला सोपं आहे. तळाशी मुख्य आरसा, त्याच्या पाठीला तीन स्क्रू. वर तोंडाशी छोटा तिरपा आरसा, त्यालाही तीन. लेझर नेत्रिकेच्या जागी, म्हणजे फोकसर नावाच्या सरकत्या नळीत, बसवायचा. लाल ठिपका छोट्या आरशावरून खाली जाऊन मुख्य आरशाच्या मध्यावर चिकटवलेल्या कड्यात पडेपर्यंत वरचे स्क्रू फिरवायचे. मग तो परत येऊन लेझरच्या तोंडावरच्या छिद्रात शिरेपर्यंत खालचे. पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटांतच झालं. तारे तसेच.

दुसऱ्या दिवशी लेझर पुन्हा लावला, तर ठिपका कड्याच्या बाहेर. वाटलं, उचलताना हललं असेल, नळी काही हलकी नाही. पुन्हा जुळवलं. तिसऱ्या दिवशी ठिपका पुन्हा बाहेर, या वेळी दुसऱ्याच बाजूला. हे किती दिवस चाललं ते मोजायला आता लाज वाटते. स्क्रू ढिले आहेत म्हणून स्प्रिंग बदलल्या. खालच्या बाजूला जुळवायच्या तीन स्क्रूंशेजारी अडकवायचे आणखी तीन असतात, ते आवळताना आरसा सरकतो असं कळलं, म्हणून ते नुसते टेकवून ठेवले. (हे खरं आहे, आवळू नका.) घरचे विचारायचे, ‘‘आज काय पाहिलंस?’’ मी म्हणायचो, ‘‘स्क्रू.’’

शेवटी एका जुन्या जाणत्या आकाशनिरीक्षकांना गाठलं. स्वतः आरसा घासून दुर्बीण बनवलेला माणूस. माझी सगळी कर्मकथा ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘‘लेझर फोकसरमध्ये फिरवून पाहिलात का?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे आहे तिथेच गोल फिरवा, आणि खालचा ठिपका बघा.’’

फिरवला. ठिपका मुख्य आरशावर लिंबाएवढं वर्तुळ काढत फिरला. लेझरची किरणरेषा त्याच्याच धातूच्या नळीत तिरकी बसवलेली होती. दररोज मी तो वेगळ्या कोनात खुपसत होतो, त्यामुळे रोज चूक वेगळ्या बाजूला दिसत होती, आणि रोज मी धडधाकट दुर्बीण त्या वाकड्या लेझरच्या तालावर वाकडी करत होतो.

तेव्हा पहिला सल्ला हाच, आणि तो मला खोक्यातल्या कागदाने द्यायला हवा होता: लेझर आला की दुर्बिणीला लावायच्या आधी त्यालाच तपासा. फोकसर स्वतः ढिला असू शकतो, म्हणून एका फळीवर चार खिळे दोन-दोनच्या फुलीत ठोका, त्या खाचांत लेझर आडवा ठेवा, पाचेक मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर जागेवर गोल फिरवा. ठिपका हलला नाही तर लेझर सरळ. माझ्या लेझरने भिंतीवर बशीएवढं वर्तुळ काढलं. त्याच्या अंगावर रबरी लेपाखाली दडवलेले तीन बारीक स्क्रू सापडले. होय, इथेही तीनच. एका संध्याकाळी बशीचा वाटाणा झाला. हे करताना डोळा किरणात किंवा त्याच्या परावर्तनात आणायचा नाही.

तरी अखेरचा शब्द लेझरचा नाही, ताऱ्याचा. ध्रुवतारा घ्या, तो जागचा फारसा हलत नाही आणि हाताने फिरवायच्या दुर्बिणीला तेच हवं. मोठं वर्धन लावा, तारा बरोबर मध्यभागी आणा आणि फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची चकती होते आणि मध्ये छोट्या आरशाची काळी सावली दिसते. सावली मधोमध असेल तर काम झालं. एका बाजूला सरकली असेल तर नळीच्या तोंडाशी हात धरून कडेकडेने फिरवा. चकतीवर बोटांची सावली दिसते, ती जिथे चकतीची उजळ कड सर्वांत अरुंद आहे तिथे आली की खालचा कोणता स्क्रू हलवायचा त्याचा अंदाज येतो. पाव फेरीहून जास्त नाही. प्रत्येक वेळी तारा सरकतो, त्याला पुन्हा मध्यावर आणूनच पुढचा निर्णय घ्यायचा. इथे मी घाई करून आणखी एक रात्र घालवली.

त्या रात्री जुळवून झाल्यावर फोकस नीट केला आणि ध्रुवाच्या शेजारी एक फिकट ठिपका दिसला. तो ध्रुवाचा सोबती, सुमारे १८ विकलांवर. विल्यम हर्शेलने तो १७७९ मध्ये नोंदवला. तो काही अवघड नाही, लहान दुर्बिणींतूनही दिसतो. आधीही समोर असणारच, पण मी शेपटीकडे बघत होतो. त्यानंतर एप्सिलॉन लायरी. चार. मधे काळी फट. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं, दोघं आले.

आता दहा इंचांचं. एफ/५ मध्ये आरसे जरा चुकले की लगेच दिसतं. चुकीला मिळणारी मोकळीक साधारण एफच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे एफ/५ ला १२५ तर एफ/६ ला २१६. आठ इंची डॉब्सोनियन बहुधा एफ/६ च्या आसपास असते आणि उचलायलाही माणसासारखी. नवशिक्याने विचारलं तर मी तीच सांगतो.

एक राहिलं. वरच्या आरशाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा. उभी असली आणि हातातली ॲलन की निसटली तर ती थेट मुख्य आरशावर पडते. माझी निसटली, पण नळी आडवी होती. ते मात्र नशीब, अक्कल नव्हे. आणि नेत्रिकेत बसवायचा सूर्याचा फिल्टर कोणी फुकट दिला तरी लावू नका, उष्णतेने तो तडकू शकतो. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडावरच हवा.

लेझर विकणाऱ्याला मी भिंतीवरच्या वर्तुळाचा व्हिडिओ पाठवला होता. नवव्या दिवशी उत्तर आलं: ‘‘सर, आधी तुमच्या दुर्बिणीचं कोलिमेशन करून घ्या.’’