आठ जीबी रॅममध्ये दहा जीबीचा शब्दशोध: एममॅपचा माझा अनुभव

आम्ही काही जण मिळून मराठी मजकुराचा एक शब्दशोध चालवतो. शब्द टाकला की तो जिथे जिथे आलाय ती वाक्यं समोर येतात. कोशाचं काम करणाऱ्यांना आणि मुद्रितशोधकांना तो रोज लागतो. मजकुराची फाइल साधारण ७ जीबीची. तिच्यावरची सूची ३ जीबीची: सुमारे ४० कोटी शब्द, प्रत्येक शब्द मजकुरात कितव्या बाइटवर सुरू होतो तो ८ बाइटांचा आकडा, आणि हे सगळे आकडे शब्दांच्या क्रमाने लावलेले. मशिनची रॅम मात्र ८ जीबी.

जुन्या रचनेत चार वर्कर प्रोसेस होत्या, म्हणजे शोध घेणाऱ्या एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रती. प्रत्येक वर्कर सुरू होताना अख्खी सूची रीड करून स्वतःच्या मेमरीत घ्यायचा. तीन चोक बारा. दोन वर्करपर्यंत निभायचं, तिसरा उठला की मशिन स्वॅपमध्ये जायचं (रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरायचं), आणि चौथ्याच्या वेळी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) कुणाला तरी संपवायचा. रॅम वाढवायला पैसे नव्हते. म्हणून सूची आणि मजकूर या दोन्ही फाइली एममॅपने (फाइल मेमरीच्या पत्त्यांना जोडून देणारी कर्नलची सोय) प्रोसेसच्या, म्हणजे तिच्या वापरातल्या पत्त्यांच्या, अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये मॅप करायचं ठरवलं.

बदल दिसायला अगदी छोटा. फाइल ओपन करायची, एफस्टॅटने तिची लांबी विचारायची, एममॅपला लांबी, फक्त वाचायची परवानगी, शेअर्ड हा फ्लॅग आणि फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा नंबर) द्यायचा. परत एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, येतो. चुकलं तर नल येत नाही, उणे एक येतो, तेव्हा तपासणी त्याचीच करायची. मॅप झाल्यावर डिस्क्रिप्टर क्लोज केला तरी चालतो, मॅपिंग तसंच राहतं. ३ जीबीच्या सूचीसाठी हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. आधी वर्कर उठायला मिनिटभर लागायचा.

इतक्या लवकर होतं, कारण त्या क्षणी फाइलमधला एकही बाइट वाचला जात नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेत नांगरून होत नाही, तसंच हे. अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंत ही फाइल, एवढी नोंद कर्नल करतो. प्रत्यक्ष त्या पत्त्याला हात लावला की प्रोसेसर पेज फॉल्ट देतो (हा भाग अजून जोडलेला नाही असा इशारा), कर्नल तो ४०९६ बाइटांचा तुकडा, म्हणजे पेज, आणून जोडतो, आणि आपला कोड काहीच घडलं नाही असा पुढे चालतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये एका प्रोसेसला १२८ टीबीचे पत्ते मिळतात, त्यामुळे ८ जीबीच्या मशिनवर १० जीबी मॅप करण्यात काहीच अडचण नाही. ३२ बिटांच्या जमान्यात हे जमलं नसतं. तिथे प्रोसेसच्या वाट्याला साधारण ३ जीबी पत्ते यायचे, आणि त्यातच प्रोग्रॅम, हीप, स्टॅक सगळं बसवायचं.

ही नोंद डोळ्यांनी बघता येते, आणि प्रत्येकाने एकदा तरी बघावी. प्रॉकच्या डिरेक्टरीत (कर्नल तिथे चालू प्रोसेसची माहिती दाखवतो) आपल्या प्रोसेसच्या नंबराखाली मॅप्स नावाची फाइल असते. आमच्या वर्करची उघडली तर वर प्रोग्रॅमचे स्वतःचे तुकडे, मग हीप, मग आमच्या दोन फाइली, मग सी लायब्ररी, शेवटाकडे स्टॅक. सूचीच्या ओळीत सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता, मग आर, दोन आडव्या रेघा आणि एस: वाचता येतं, लिहिता येत नाही, चालवता येत नाही, आणि शेअर्ड आहे. पुढे ऑफसेट, आयनोड नंबर (फाइलसिस्टिममधली फाइलची नोंद), फाइलचा पाथ. सी लायब्ररीसुद्धा त्याच यादीत, कारण लोडर तीही एममॅपनेच आणतो. म्हणजे ज्याने आयुष्यात एममॅप लिहिला नाही, त्याचाही प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याच जिवावर उभा असतो.

चारही वर्कर एकदम उठले, आणि मशिन शांत. पण टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडला तर प्रत्येकासमोर रेसिडंट मेमरी, म्हणजे सध्या रॅममध्ये असलेला भाग, अडीच जीबीच्या पुढे. बरोबरच्या मित्राचा लगेच फोन: "अरे, बेरीज दहाच्या वर जातेय. आठात मावतंय कसं?" मावतंय, कारण पेज एकच आहे. फाइलचं पेज कर्नलच्या पेज कॅशमध्ये (फाइलींची पेजं ठेवायची रॅममधली जागा) एकदा येतं आणि चारही वर्करांच्या पेज टेबलमधून (कुठला पत्ता कुठल्या पेजवर याचा तक्ता) त्याच्याकडेच बोट दाखवलं जातं. रेसिडंटचा आकडा मात्र तेच पेज चौघांच्या नावावर पूर्णच्या पूर्ण धरतो. खरा हिशोब स्मॅप्स रोलअप या फाइलमध्ये मिळतो. तिथल्या पीएसएस या ओळीत चौघांत वाटलेलं पेज प्रत्येकाच्या खात्यावर पाव भागच पडतं. पीएसएसची बेरीज केली तेव्हा मित्राचं समाधान झालं. सर्व्हरच्या मेमरीवर बोलताना नुसत्या रेसिडंटची बेरीज कुणी पुढे केली, तर मी आता आधी पीएसएस विचारतो.

आमच्यातल्या कोशाचं काम बघणाऱ्या ताईंनी थोड्याच दिवसांत विचारलं, "सकाळी पहिला शब्द टाकला की जरा थांबतो, नंतरचे पटापट देतो. असं का रे?" त्यांनी बरोब्बर हेरलं होतं. ४० कोटी नोंदींत बायनरी सर्च (दरवेळी मधली नोंद बघून अर्धी यादी सोडत जाणं) म्हणजे जास्तीत जास्त २९ पायऱ्या. वरच्या पायऱ्या प्रत्येक शोधात त्याच असतात: आधी मधली नोंद, मग पाव किंवा पाऊण. ती पेजं एकदा आली की रॅममध्ये टिकून राहतात. खालच्या टोकाला एका पेजमध्ये ५१२ नोंदी मावतात, त्यामुळे शेवटच्या नऊएक पायऱ्या जवळपास एकाच पेजवर उरकतात. सूचीची बाजू अशी स्वस्त पडते. महाग पडतो तो मजकूर, कारण प्रत्येक पायरीला तुलना करायची तर मजकुराच्या कुठल्या तरी भलत्याच कोपऱ्यात उडी मारावी लागते. रात्रीच्या बॅकअपने पेज कॅश भरून टाकलेला असायचा, म्हणून सकाळचा पहिला शोध डिस्कवर जायचा. टाइम कमांडच्या सविस्तर आउटपुटमध्ये हे डिस्कवर जावे लागलेले, म्हणजे मेजर, पेज फॉल्ट वेगळे मोजलेले दिसतात.

इथे एमॲडव्हाइजने (मॅपिंग कसं वाचणार ते कर्नलला सांगणारा कॉल) हात दिला. फॉल्ट झाला की कर्नल आजूबाजूचीही पेजं आणून ठेवतो, कारण फाइल बहुतेक वेळा सलग वाचली जाते. आमचं वाचन सलग नाहीच, तेव्हा आणलेल्यातलं बरंचसं वाया जाऊन कामाची पेजं कॅशबाहेर ढकलली जायची. मजकुराच्या मॅपिंगला रँडम असा सल्ला दिला आणि सकाळचं थांबणं जाणवेनासं झालं. सूचीला तो दिला नाही, गरजच पडली नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा देवनागरीचा झाला, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. मजकूर ६४ केबीच्या तुकड्यांत वाचला तर ६५,५३६ ला ३ ने भाग जात नाही, एक बाइट उरतो. म्हणजे नुसत्या देवनागरीतसुद्धा तुकड्याच्या कडेला अक्षर चिरलं जाणार: २२४ या तुकड्यात, १६४ आणि १७४ पुढच्यात. जुन्या कोडमध्ये ही कड सांभाळणारं एक फंक्शन होतं, आणि वाक्याची सुरुवात शोधत मागे जाताना आधीचा तुकडा परत मागवणारं दुसरं. मॅप केलेल्या फाइलमध्ये पेजच्या कडेला अक्षर चिरलं तरी आपल्याला पत्ता नसतो, सगळे बाइट सलग दिसतात. शब्द सापडला की नवी ओळ येईपर्यंत पॉइंटर एकेक बाइट मागे न्यायचा, वाक्य मिळालं. दोन्ही फंक्शनं काढून टाकली.

सलग आहे म्हणून सीच्या स्ट्रिंग फंक्शनांवर (ती शून्य बाइट येईपर्यंत वाचत जातात) मात्र विसंबू नये. फाइल पेजच्या मध्येच संपत असेल तर उरलेल्या पेजमध्ये कर्नल शून्य भरतो, आणि स्ट्रलेनसारखं फंक्शन त्या शून्यावर थांबतं. सगळं ठीक वाटतं. ज्या दिवशी फाइलची लांबी ४०९६ च्या नेमक्या पटीत येईल त्या दिवशी शून्य नसेल, आणि वाचन मॅपिंगच्या बाहेर जाईल. आम्ही सगळीकडे लांबी सोबत दिली आणि शोधायला मेमसीएचआर (दिलेल्या लांबीतच बाइट शोधणारं फंक्शन) वापरलं.

खरा धडकी भरवणारा प्रकार रात्रीच्या अपडेटला झाला. नवा मजकूर आला की एक स्क्रिप्ट जुन्या फाइलवरच नवी कॉपी करायची. कॉपी सुरू होताच जुनी फाइल आधी शून्य लांबीची होते. त्याच वेळी कुणी शोध घेत होतं, आणि वर्कर सिगबस या सिग्नलने पडला. सेगफॉल्ट (न नोंदलेल्या पत्त्याला हात लावला की येणारा) नाही, सिगबस: पत्ता नोंदलेला आहे, पण त्याच्यामागे फाइलच उरलेली नाही. रीड असतं तर कमी बाइट मिळाले असते किंवा एरर कोड आला असता. इथे डिस्कचा बिघाडसुद्धा सिग्नल होऊनच समोर येतो, आणि म्हणून भरवशाच्या नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल मी मॅप करणार नाही.

त्यावरचा उपाय युनिक्समध्ये आधीपासून आहे. नवी फाइल वेगळ्या नावाने त्याच फाइलसिस्टिमवर लिहायची, एफसिंक करायचं (डिस्कवर नक्की उतरवायचं) आणि मग रिनेम, म्हणजे तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं. जुन्या फाइलचं नाव गेलं तरी ज्यांनी ती मॅप केलीय त्यांच्यासाठी तिचा आयनोड जिवंत राहतो. आम्ही सूची आणि मजकूर एकाच तारखेच्या डिरेक्टरीत ठेवतो, म्हणजे नवी सूची आणि जुना मजकूर अशी जोडी कधी जमत नाही. वर्कर हातातला शोध संपवतो, नवी जोडी मॅप करतो, मग जुनीला मनमॅप करतो, म्हणजे तिचं मॅपिंग सोडतो. तेवढा वेळ डिस्कवर दोन्ही जोड्यांची जागा लागते, वीसेक जीबी. ती मोकळी नसेल तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, आणि ताईंना सकाळी कालचाच मजकूर मिळतो.