जंतू गेला, मग मशीन का?

आज राउंडला एका आजींनी अडवलंच. "ताई, जंतू गेला म्हनता, मग पोराचं मशीन का काढंना?" हा प्रश्न खरं तर रेसिडेंटकडून यायला हवा!

म्हटलं, "आजी, चोर पळाला, पण धावून आलेले गावकरी अजून घरात काठ्या आपटतायत." न्यूट्रोफिल्सचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं, अगदी तसंच. वायुकोशाची, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीची, भिंत इतकी पातळ की त्या माऱ्यात तीही गळू लागते. प्रथिनांचं पाणी आत झिरपतं, वायुकोशांना मिटू न देणारं सरफॅक्टंट निकामी होतं, वायुकोश मिटतात. हाच एआरडीएस, फुफ्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार. १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून तो मांडला. मुलांसाठी वेगळी व्याख्या यायला २०१५ उजाडलं. आणि लहान मुलांचे वायुकोश तर अजून वाढतच असतात, मोठ्यांवरचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे कसे लावणार?

ते मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, फक्त वेळ मिळवून देतं. जोरात हवा भरली, तर दाह, म्हणजे हाच काठ्यांचा मारा, उलट भडकतो. औषधाने सगळाच दाह दाबला, तर जंतूंना मोकळं रान. कुठल्या मुलाचा दाह नेमका कधी आवरायचा, माझं संशोधन याच्याच मागे आहे.

संध्याकाळी नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले. पुण्यात पावसाळा सुरू झालाय, वॉर्डात खोकला वाढलाय. ग्रँटचा अर्ज मात्र तसाच पडलाय, आज रात्री बसते.