तुम्ही विचारलंत म्हणून: चाळीस घरांना पटवलंत कसं?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची गच्ची बघायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवायच्या आत हे विचारतो. "सोलर बसवलंत ते ठीक, पण चाळीस घरांना पटवलंत कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा मी खरंच पटवायला गेले होते, आणि सपशेल आपटले. २०२३ ची वार्षिक सभा. मी सेक्रेटरी, नवा उत्साह. कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला. २०२१ साली ग्लासगोत भारताने २०७० पर्यंत 'नेट झिरो'चं, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घ्यायचं वचन दिलं, तिथून सुरू केलं आणि वितळणाऱ्या हिमनद्यांपर्यंत गेले. दिवे लागल्यावर पहिला प्रश्न आला, "ते असू दे, आमच्या बेडरूममधली गळती कधी थांबवताय?" दुसरा प्रश्न आलाच नाही. बटाटेवडे मात्र संपले.

मग महिनाभर मी रुसून बसले आणि रुसव्यात कॉमन मीटरची, म्हणजे जिना, लिफ्ट, पाण्याची मोटर अशा सामायिक विजेची जुनी बिलं चाळली. जिन्यात चोकवाल्या ट्यूब रात्रभर जळत होत्या. वरची टाकी रोज भरून वाहायची, कारण मोटर बंद करायचं वॉचमनच्या लक्षात राहायचं नाही. ट्यूब काढून एलईडी लावले, टाकीला सेन्सर बसवला. त्यासाठी सभा घेतली नाही, दुरुस्तीच्या खर्चात भागलं. मग लिफ्टशेजारी कागद चिकटवला: मागच्या वर्षीचे युनिट, या वर्षीचे युनिट, आणि खाली 'फरक कुठे गेला ते सेक्रेटरींना विचारावे'. पुण्यात भाषणापेक्षा पाटी वाचली जाते. लोक विचारायला आले. मी त्यांच्या घरी जाण्याऐवजी ते माझ्या दारात आले, आणि सोलरचा विषय त्यांनीच काढला.

विरोध होताच, पण त्यात कोळसा किंवा हवामान कुठेच नव्हतं. सगळं भांडण गच्चीचं होतं. आमचं सोलर दहा किलोवॅटचं, आणि त्याला साधारण हजार चौरस फूट जागा लागते. मग पापड-कुरडया कुठे वाळवायच्या? स्लॅबला भोकं पाडली तर वरच्या मजल्यावर पाऊस कोण झेलणार? आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा प्रश्न, "कोजागिरी काय आता पार्किंगमध्ये करायची?" मला आधी हसू आलं. नंतर कळलं, तीस वर्षं ही माणसं वर्षातून एकदा जिथे एकत्र बसतात, ती जागा मी मागत होते.

उत्तरं सोपी होती, फक्त महाग. गच्चीचं रखडलेलं वॉटरप्रूफिंग आधी करून घेतलं. लोखंडी सांगाडा जमिनीलगत न लावता डोक्याच्या वर, मांडवासारखा उंच घेतला आणि त्याचे खांब इमारतीच्या कॉलमवरच उभारले. वाळवणाला दक्षिणेची पट्टी मोकळी सोडली. गळतीवाले काका यानंतर आमचे सगळ्यात कडवे प्रचारक झाले. त्यांची भिंत कोरडी झाली, एवढंच कारण. मला तेवढं पुरे होतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची २०२४ पासूनची पीएम सूर्यघर योजना आहे; तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे आम्हाला १ लाख ८० हजार. ते नंतर हाती येतं, आधी सगळे पैसे उभे करावे लागतात. आम्ही घरटी तीन हप्ते केले. परदेशातल्या फ्लॅटमालकांनी सगळ्यात आधी भरले, खालच्या मजल्यावरच्या एका घराने सगळ्यात शेवटी. आमच्या महापालिकेत चालू सोलरवर मिळकतकरातही सवलत आहे, तीही कामी आली.

दहा किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चाळीसेक युनिट मिळतात. दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते, तिचे युनिट आमच्या नावे जमा होतात आणि रात्री लिफ्ट त्या हिशोबावर चालते. जुलैत उत्पादन पडलं तेव्हा मला अकरा फोन आले, "बंद पडलंय का?" पाऊस आहे हो, ढग आहेत! पॅनल धुवायची पाळी मात्र अजून वादात आहे.

कार्बनचा आकडा मी लिफ्टशेजारच्या पाटीवर मुद्दाम शेवटी लिहिला. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे; एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आमच्या गच्चीमुळे वर्षाला दहा टन वाचतात. पाटीवर हा आकडा आला तेव्हा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "आणि आमचा एसी किती टाकतो?" त्याच्या वडिलांनी त्याला लिफ्टमध्ये ओढलं. प्रश्न बरोबर होता. कॉमन मीटर सुटला, पण घरातल्या मीटरला मी हात लावलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात तीन नवे एसी आले, त्यातला एक आमच्याच घरी. त्यामुळे 'सोसायटी बदलली' असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते.

हां, कोजागिरी झाली. गच्चीवरच, पॅनलच्या खाली. सतरंज्या घातल्या, दूध आटलं, आणि आजींनी वर बघितलं. चंद्र दिसेना. दुधात चंद्र पडल्याशिवाय कुणी पेला उचलेना. शेवटी चौघांनी पातेलं उचलून वाळवणाच्या पट्टीत नेलं, आणि सगळी सोसायटी सतरंज्या घेऊन मागोमाग सरकली.