बेडरूमची लाकडी लादी: नमुन्यांपासून शेवटच्या पट्टीपर्यंत

मंडळी, चार महिने चाललेलं काम एकदाचं मार्गी लागलंय, बेडरूम ९५ टक्के पूर्ण. बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो की लाकडासारखी दिसणारी लादी हवी तर नक्की काय घ्यायचं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी घर सांगते. डोंबिवलीतली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, सगळीकडे ती पिवळट मोझॅक लादी. बेडरूम आतून २९६० बाय ३५६० मिमी, खिडकी पश्चिमेला. आईचे गुडघे दुखतात, थंडीत मोझॅकवर पाय ठेवला की कळ जाते तिला, आणि तिला लाकडी लादी फार आवडते कारण तिच्या आजोळी माळा लाकडाचा होता. तेव्हा काहीतरी करायचंच होतं.

जुलैत भावाला घेऊन ठाणे-कल्याणची दुकानं पालथी घातली आणि चार प्रकारचे नमुने घरी आणले. ८ मिमीचं लॅमिनेट, १४ मिमीचं इंजिनिअर्ड वुड (वर खऱ्या ओकचा पातळ थर, खाली प्लाय), ५ मिमीची एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिकची कडक पट्टी) आणि मोरबीची वुड फिनिश टाइल, २०० बाय १२०० मिमीची. मला मिळालेले भाव चौरस फुटाला असे: लॅमिनेट ९५, एसपीसी १४०, टाइल ७० पण वर मजुरी आणि टाइल चिकटवायचं केमिकल वेगळं, इंजिनिअर्ड ३८०. दुकानात चारही सुंदरच दिसतात हो, एसी चालू असतो, वरून पिवळे लाइट, आणि लादी कोणी पुसत नसतं.

खरा निकाल लावला आमच्या मावशींनी. त्या रोज दोन वेळा लादी पुसतात, पोचा नीट पिळतात पण तरी पाणी राहतंच. लॅमिनेटवाल्याने सांगितलं होतं की ओला पोचा चालणार नाही, नुसता दमट फडका फिरवायचा. ते मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ताई, पाणी नको तर लादी पुसायची कशी? नुसती धूळच फिरवायची का?" आणि त्यांचं बरोबरच आहे. लॅमिनेट १९७७ मध्ये स्वीडनमध्ये निघालं, तिकडच्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरात ते चालतं, आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीलासुद्धा घाम येतो. म्हणून मी ठरवलं की ब्रोशर बाजूला ठेवायचं आणि नमुन्यांना आपल्या घरात जे भोगावं लागणारे ते आधीच भोगायला लावायचं.

प्रत्येकाचा छोटा तुकडा कापून बादलीत २४ तास बुडवला, आधी आणि नंतर व्हर्नियरने मापलं. लॅमिनेट कडेला ८ वरून १०.२ मिमी झालं. आत एचडीएफ असतं, म्हणजे लाकडाचे घट्ट दाबलेले तंतूच, ते पाणी पितात. इंजिनिअर्ड १४ वरून १४.५, म्हणजे फार नाही, पण ओकच्या कडा किंचित वर आल्या. एसपीसी आणि टाइलला काहीच नाही. मग कोणी म्हणेल की बादलीत कोण बुडवतं, म्हणून लॅमिनेटच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या खोबणीत अडकवून (लॉक करून) सांध्यावर ओला पोचा रात्रभर ठेवला. सकाळी डोळ्यांना काही दिसेना, पण सांध्यावरून नख फिरवलं तर अडकायला लागलं. चार दिवस पंख्याखाली वाळवलं तरी नख अडकतच होतं. त्या क्षणी लॅमिनेट माझ्या यादीतून गेलं. कोरड्या हवेच्या गावात, जिथे लादी रोज ओली होत नाही तिथे ते जरूर वापरा, वाईट वस्तू नाहीये ती.

हळद-तेलाचा डागही रात्रभर ठेवून पाहिला. एसपीसीवरून साबणाच्या फडक्याने गेला, टाइलवर मात्र त्या लाकडाच्या रेषांच्या खाचांमध्ये पिवळं राहिलं, ब्रशने घासावं लागलं. टाइल घेणाऱ्यांनी फार खरखरीत फिनिश घेऊ नका, स्वयंपाकघरात तर नकोच.

तरी खरं सांगायचं तर टिकाऊपणात टाइलच पहिली. पण आमची अडचण वेगळी होती. मोझॅक फोडायची म्हणजे आठवडाभर धूळ, राबिट (फोडलेला मलबा) टाकायला टेम्पो, सोसायटीची परवानगी. आणि न फोडता वरून बसवायची तर टाइल अधिक केमिकल मिळून १२-१३ मिमी उंची वाढते, दार कापा, बाथरूमच्या उंबऱ्याचं गणित बदला. शिवाय या खोलीएवढ्या टाइल्सचंच वजन २०० किलोच्या वर जातं. एसपीसीचं वजन त्याच्या साधारण निम्मं. ही एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेली पट्टी, वर लाकडाचा प्रिंट आणि त्याच्यावर पारदर्शक थर. तो वरचा थर किती जाड आहे ते विचारून घ्या, मी ०.५ मिमीची घेतली, ०.३ वाली स्वस्त मिळते पण खुर्च्या सरकवणाऱ्या घरात मी नाही घेणार. आणि पायाला मोझॅकइतकी गार लागत नाही, आईने अनवाणी उभं राहून पास केली.

एक उणीव मात्र आहे, ऊन. पीव्हीसी तापलं की प्रसरण पावतं आणि आमची खिडकी पश्चिमेची. त्यामुळे कडेची फट नीट सोडायची आणि दुपारी जाड पडदा ओढायचा, यात तडजोड नाही.

नोव्हेंबरात काम सुरू केलं. आधी मोझॅकवर दोन फुटी प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवला, खाली थेंब नाहीत, म्हणजे ओल नाही. तळमजल्यावाल्यांनी हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका. मग गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवली, खिडकीजवळ ५ मिमीचा खड्डा निघाला. दोन मीटरला ३ मिमीपर्यंत चालतं, त्यापेक्षा जास्त असेल तर चालताना पट्टी खाली दबते आणि लॉक तुटतो.

इथे माझी चूक झाली आणि चार दिवस गेले. सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड (ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) कालवून सरळ ओतलं, दुसऱ्या दिवशी दिसायला झकास, आणि टकटक केलं तर पोकळ आवाज. सुरीचं टोक घातलं तर पापुद्रा निघावा तसं अख्खं उचकटून आलं. जुन्या मोझॅकवर वर्षानुवर्षांचं पॉलिश असतं, त्यावर काही धरत नाही. मग ग्राइंडरला कप व्हील (घासायची चकती) लावून तेवढा भाग खरवडला (मास्क हवाच, खोलीला बाहेरून चादर लावली तरी हॉलमध्ये पीठ पेरल्यासारखं झालं), प्रायमर मारला, परत ओतलं. आता दगडासारखं आहे.

पट्ट्यांचे बॉक्स दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले होते, सहा बॉक्स, २०,००० रुपयांच्या थोडं वर गेले. बसवायला घ्यायच्या आधी कागदावर हिशोब करा हे कळकळीने सांगते. दोन्ही बाजूंना ८ मिमी फट सोडली की रुंदी उरते २९४४. पट्टी १८२ ची. सोळा ओळी झाल्यावर शेवटी ३२ मिमीची चिंधी आली असती, ती ना नीट कापता येते ना लॉक होते. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ दोन्ही १०७ च्या कापल्या, मध्ये पंधरा अख्ख्या. बेरीज जुळते आणि खोली दोन्हीकडून सारखी दिसते.

पहिल्या दिवशी तीन ओळी, दुसऱ्या दिवशी हात बसला आणि नऊ. पट्टी साधारण २५ अंशात तिरकी धरून खोबणीत घालायची आणि खाली दाबायची, बसली की बारीक टक् असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नाही. आखूड बाजूला मात्र ठोकावं लागतं, तेव्हा उरलेला तुकडा मध्ये धरून रबरी हातोड्याने हलकं ठोकायचं. भावाने दोनदा थेट कडेवर ठोकलं आणि दोन्ही वेळा लॉकची जीभ तुटली, एसपीसी कडक असते पण कडा ठिसूळ. कापायला मशीन लागलं ते फक्त उभ्या कापासाठी, आडवा काप कटरने दोन-तीनदा ओढून गुडघ्यावर मोडला की सरळ तुटतो. खाली १ मिमी फोम चिकटवलेलाच येतो, त्याखाली अजून फोम घालायचा आग्रह एका दुकानदाराने केला होता, ऐकू नका, मऊ झालं की लॉक हलतात.

तीन-चार बॉक्स एकदम उघडून पट्ट्या मिसळून लावा, आमच्या प्रिंटमध्ये एक गाठ अशी आहे की ती शेजारी शेजारी आली की लाकूड खोटं वाटतं. दाराच्या चौकटीखाली पट्टीचा तुकडा ठेवून त्यावर करवत आडवी चालवली आणि चौकटच ६ मिमी कापली, पट्टी आत सरकली, फट दिसतच नाही. कडेची फट झाकायला गोल बीडिंग लावलं, ते जुन्या स्कर्टिंगला चिकटवलंय, लादीला नाही, म्हणजे लादी खाली मोकळी सरकू शकते. लोखंडी कपाट एकाच भिंतीला ठेवलंय, समोरच्या भिंतीला जड काही नाही, दोन्हीकडून दाबलं तर तिला हलायला जागा राहत नाही.

सात अख्ख्या पट्ट्या उरल्यात, त्या पलंगाखाली आडव्या ठेवल्यात दुरुस्तीसाठी. दाराच्या उंबऱ्याची टी पट्टी यायचीय, पुढच्या रविवारी लावीन. हॉल आणि स्वयंपाकघर करू तेव्हा तिथे मात्र मोझॅक फोडून टाइलच घालायचीय, तिथलं पाणी आणि तेल वेगळं.

काल मावशींनी नेहमीसारखा पोचा मारला, मी मागे उभी राहून बघत होते. पुसून झाल्यावर खाली वाकून सगळ्या सांध्यांवरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही.