काँप्रेशन वाढवायला हेड घासताना

इंजिनच्या हेडवरून (सिलिंडरवरच्या झाकणावरून) काढलेलं ॲल्युमिनियम परत चढत नाही, म्हणून मशीनवर जाण्याआधी हिशेब. बोअर (सिलिंडरचा व्यास) 80 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 79.5, म्हणजे एका सिलिंडरचे 400 सीसी. काँप्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) 9, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 50 सीसी. मला 9.5 हवा होता, म्हणजे 47. जेमतेम 3 सीसी कमी करायचे. या 50 मध्ये गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खळगाही धरावा लागतो. नुसतं चेंबर मोजलं की गणित फसतं.

व्हॉल्व्ह-सीटचं काम आधी उरकलं, कारण सीट कापली की व्हॉल्व्ह आत बसतो आणि चेंबर वाढतं. मग हेड उलटं ठेवलं, जो प्लग वापरायचा तोच लावला, काठाला ग्रीस फासून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबली आणि ब्युरेटने (मापाच्या खुणांच्या काचनळीने) रंगीत रॉकेल सोडलं. बुडबुडा राहिला तर माप खोटं. चेंबरचं तोंड आलेखाच्या कागदावर काढून चौकटी मोजल्या: 38 चौरस सेंमी. म्हणजे 1 मिमी कटला 3.8 सीसी, आणि 3 सीसीला साधारण 0.8 मिमी. पण चेंबर वर निमुळतं होत जातं, त्यामुळे 0.6 काढून पुन्हा मोजलं आणि उरलेलं मग काढलं. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले. कंपनीने दिलेली हेडची किमान उंची आधीच तपासली होती.

हेड वाकडं असेल तर आधी सरळ करून घ्यावं. नुसता तळ सपाट केला तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरतो ती बोअर वाकडीच राहते आणि कॅम जाम होतो.

घासल्याने स्क्विश (वर आलेला पिस्टन आणि हेडचा सपाट भाग यांतलं अंतर) कमी होतो, हा गैरसमज बराच पसरलाय. हेडचा सपाट भाग गॅस्केटवर टेकतो तिथेच टेकतो. ते अंतर गॅस्केट आणि ब्लॉक ठरवतात. व्हॉल्व्ह मात्र पिस्टनच्या जवळ येतात. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवलं, गोळा कापून जाडी मोजली: इनलेटला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 हवीच.

कटनंतर चेंबरच्या धारा बोथट केल्या, नाहीतर त्या लाल होऊन मिश्रण ठिणगीआधीच पेटवतात. पाण्याच्या वाटांतला चुरा धुऊन काढला. हेड खाली आल्याने बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो का, हेही पाहिलं. टेकला तर टॉर्क रेंच वाजतो, पण हेड दाबलेलं नसतं.

शेवटी टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ. कॅमची पुली 100 मिमीची असल्याने 0.8 मिमीने कॅम जवळपास 1 अंश मागे पडला, क्रँकवर 2 (क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो). ॲडजस्टेबल पुलीने तो परत आणला. इग्निशन 2 अंश मागे ठेवून चढावर टॉप गिअरमध्ये लोड दिला; मिश्रण आपोआप पेटल्याची टकटक नाही, मग एकेक अंश पुढे.