टर्बो ऑइल फेकतो म्हणण्याआधी

बोनेट उघडलं, टर्बोच्या (सायलेन्सरकडच्या गॅसवर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी ऑइल दिसलं, की गावातल्या गॅरेजमध्ये निकाल लागतो : "टर्बो गेला भाऊ, कोअर टाकावी लागते." नागपूर नाहीतर अमरावतीहून कोअर, म्हणजे टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, येते, बसते, आणि पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा ओल दिसते. मग दोष कोअरच्या क्वालिटीवर. पुष्कळदा टर्बो मुळात चांगलाच असतो, त्याच्यातलं ऑइल खाली उतरायला वाट मिळत नसते.

हे समजायला टर्बोच्या पोटात काय आहे ते माहीत पाहिजे. आत रबराचं ऑइल सील नसतं. शाफ्टच्या दोन टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारच नाही. या रिंगा एकट्याच्या बळावर ऑइल अडवत नाहीत. एका बाजूनं हवेचा आणि दुसऱ्या बाजूनं सायलेन्सरकडच्या गॅसचा दाब ऑइलला आत ठेवतो, पण मधल्या भागातलं ऑइल झरझर खाली जात असेल तरच. ऑइल आत येतं पंपाच्या दाबानं, म्हणजे २ ते ४ बारनं, आणि बाहेर जातं निव्वळ स्वतःच्या वजनानं, तेही फेसाळलेलं. म्हणून येणारी नळी पेन्सिलीएवढी असते आणि परतीची अंगठ्याएवढी. परतीची वाट जरा तुंबली की मधला भाग भरतो आणि ऑइल रिंगांवरून दोन्हीकडे निघतं.

परतीची वाट तीन प्रकारे तुंबते. पाइपमध्येच कोळसा साचलेला असतो किंवा कोणीतरी सिलिकॉन थापलेलं असतं. चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या, वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं असतं. किंवा इंजिनच्या पोटातच दाब साचलेला असतो, ज्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तिसरं कारण सगळ्यात जास्त सापडतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं.

आधी गळतीची जागा नक्की करा. मळलेल्या इंजिनवर शोधाशोध करणं फुकट आहे. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं फिरलेल्या गाडीच्या चेंबरवर काळ्या मातीचा असा थर बसतो की ऑइल कुठून आलं हे देवालाही सांगता येणार नाही. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, वायरिंगचे कपलर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा, डीग्रीझर मारा, ब्रशनं घासा, कमी दाबाच्या पाण्यानं धुवा. डिझेलनं धुवायची जुनी सवय सोडा. डिझेल वाळत नाही, त्याची ओल राहते आणि तीच नवी गळती वाटते, शिवाय होज पाइपचं रबर फुगतं.

पूर्ण वाळल्यावर साधी टाल्कम पावडर पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून संशयाच्या जागांवर झटका. १०-१५ किलोमीटर गाडी चालवा, दोन-तीनदा चढावर चांगली ओढवा. उभ्या गाडीत रेस देऊन टर्बोवर लोड येत नाही. परत आल्यावर पावडरीत तपकिरी ओघळ दिसेल. चालत्या गाडीत वारा ऑइलला मागे आणि खाली नेतो, म्हणून जिथं थेंब लटकतो ती जागा सोडा आणि ओल सगळ्यात वर व सगळ्यात पुढे कुठं आहे ते बघा. गिअरबॉक्सच्या तोंडाखाली थेंब दिसला म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा आणि मूळ गळती टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात निघायची, हे नेहमीचंच आहे. त्या थेंबाचा वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला नाही.

पावडरीनं भागलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय, म्हणजे जांभळ्या उजेडात चमकणारा रंग, मिळतो. बाटलीवरच्या मापानं टाकायचा, अर्धा तास गाडी चालवायची आणि अंधारात जांभळ्या बॅटरीनं बघायचं. नोटा तपासायची बॅटरीसुद्धा बऱ्याचदा चालून जाते. ताजी गळती पिवळी-हिरवी चमकते.

आता पोटातला दाब. ऑइल भरायचं टोपण उघडून भोकावर उलटं ठेवायचं आणि ते नाचतं का बघायचं, ही तपासणी सगळेच करतात. पण डिझेल इंजिनमध्ये थोडं नाचणं चालतंच, त्यामुळे त्यावरून अंदाज येतो, निकाल लागत नाही. त्यापेक्षा गवंड्याचा लेव्हल पाइप आणा. २ मीटर पारदर्शक पाइप फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखा बांधा. दोन्ही बाजूंना साधारण ४०-४० सेंटिमीटर पाणी येईल एवढं भरा, त्यात चिमूटभर नीळ टाका. एक टोक रबरी नळीच्या तुकड्यानं डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. पाणी याहून जास्त नको. इंजिनमध्ये ओढ असली तर सगळं पाणी एका बाजूला गेलं तरी ते पाइपमध्येच मावलं पाहिजे.

गरम इंजिन आयडलवर आणि मग २५०० आरपीएमवर ठेवून दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजा. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १० मिलिबार. किती चालतो हा आकडा त्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा, पण खरी माहिती पुढच्या तुलनेत मिळते. ब्रीदरचा होज, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी नळी, टॅपेट कव्हरकडून काढा. पाणी लगेच खाली बसलं तर होज किंवा ऑइल वेगळं करणारी डबी तुंबली आहे. तसूभर हललं नाही तर होज परत लावा आणि व्हॅक्यूम पंपाकडून ब्रेक बूस्टरकडे (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे) जाणारा पाइप पंपाजवळ काढून पंपाचं तोंड बंद करा. (ही तपासणी गाडी उभी करूनच, कारण या वेळी ब्रेक दगडासारखा होतो.) आता फरक कमी झाला तर बूस्टर किंवा त्याचा पाइप हवा खातोय आणि पंप ती हवा इंजिनच्या पोटात टाकतोय. ही गोष्ट भल्याभल्या फोरमनच्या डोक्यात येत नाही. दोन्ही करूनही दाब तसाच राहिला तर मग कॉम्प्रेशन टेस्ट, रिंग-पिस्टन आणि टर्बो.

एअर फिल्टर याच वेळी बघा. कापूस वेचणीपासून जिनिंगच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर रुईचा थर आणि त्यावर धूळ बसते. फिल्टर तुंबला की टर्बो जोरानं ओढतो, हवा मिळत नाही, म्हणून ब्रीदरमधून आणि कॉम्प्रेसरच्या बाजूच्या रिंगेवरून ऑइल ओढतो. टायरवाल्याकडच्या पूर्ण दाबाच्या हवेनं फिल्टर झटकू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असताना मॅन्युअलमधल्या धुळीच्या रस्त्याच्या हिशेबानं फिल्टर बदला, डांबरी रस्त्याच्या हिशेबानं नाही.

हे सगळं ठीक असेल तरच टर्बोला हात लावा. इंजिन थंड असताना तोंडाचा होज काढा. शाफ्ट बोटांनी बाजूला हलवून बघा. थोडा हलला तर घाबरू नका, बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी जागा ठेवलेलीच असते. बाजूला दाबून फिरवताना पातं भिंतीला घासत असेल, किंवा शाफ्ट बोटाला कळेल एवढा आत-बाहेर होत असेल, तर टर्बो खरंच गेला. होजच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला तर तो ब्रीदरचा असतो, ते चालतं. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) उपडा केल्यावर धार लागली तर चालत नाही.

तशा गाडीला रेस देऊ नका. साचलेलं ऑइल इंजिननं ओढलं तर डिझेल बंद करूनही ते स्वतःच्या ऑइलवर धावत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा ब्रेक दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर हवेच्या तोंडावर फळी दाबा, हात कधीच नाही. इंटरकूलर सॉल्व्हंटनं धुतला तर पूर्ण वाळवूनच बसवा, नाहीतर तेच संकट आपण स्वतः भरून ठेवलं.

दुरुस्तीत बारीक चुका जास्त नडतात. टर्बोच्या फीड पाइपच्या (ऑइल आणणाऱ्या नळीच्या) बँजो बोल्टला, म्हणजे मधून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टला, दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे टाका. गावात नवे मिळाले नाहीत तर जुने लालभडक तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ होतं, मग काजळी घासून बसवा. फीडला किंवा परतीच्या फ्लँजला सिलिकॉन अजिबात नको. आत सुटलेला एक तुकडा बेअरिंगचं भोक बंद करायला पुरतो. परतीच्या पॅकिंगचं भोक पाइपच्या भोकापेक्षा लहान नाही ना, तेही पाहा. परतीचा पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नसावा, मध्ये झोळ नसावा. नवी कोअर बसवली तर आधी फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल घाला, शाफ्ट हातानं फिरवा, आणि ऑइलचा दाब येईपर्यंत गाडी सुरू न करता नुसती क्रँक करा.

टॅपेट कव्हरचे ६ मिमी बोल्ट मधून बाहेर असे, साधारण ८ ते १० न्यूटन मीटरवर आवळा. जास्त आवळलं की पॅकिंग पिळून निघतं आणि प्लास्टिकचं कव्हर वाकतं, मग कितीही आवळा. ऑइल फिल्टर बदलताना जुना रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिला का ते बघाच. रिंगवर रिंग बसली तर फिल्टर रस्त्यात सगळं ऑइल टाकून मोकळा होतो. चेंबरला सिलिकॉन ३ मिमीची धार, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. जाड लावलेलं आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

क्रँकचं (इंजिनच्या मुख्य शाफ्टचं) मागचं सील म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम, म्हणून दाबाचा निकाल लागल्याशिवाय ते करू नका. पोटात दाब असेल तर नवं सीलही गळेल. टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडं बसवायचं असतं. त्याला ग्रीस लावून बसवणारे बरेच आहेत, आणि ते गळतंच. शाफ्टवर नखाला लागणारी खाच पडली असेल तर बारीक स्लीव्ह चढवावी लागते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक भानगड आहे. शेत ते घर अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफमधली (सायलेन्सरमधल्या काजळीच्या गाळणीतली) काजळी जळून पूर्ण साफ होत नाही, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढते. अशी वाढ दिसली की ऑइल बदला, आणि कंपनीनं सांगितलेलं कमी राखेचंच घाला.

काम झाल्यावर पुन्हा पावडर मारा, २० किलोमीटर लोडवर चालवा, रात्री खाली पुठ्ठा अंथरा. २० थेंब म्हणजे साधारण १ मिलिलिटर, त्यावरून किती जातंय याचा हिशेब लागतो. २०० किलोमीटरनंतर इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प थंड इंजिनवर एकदा आवळा. ऑइल पिऊन फुगलेला होज कितीही आवळला तरी निसटतोच, तो बदला.